माहेरचं रक्त, सासरचं मीठ

"घरात कुणाला बीपी आहे का?" डॉक्टर विचारतात. आपण चटकन सांगतो, "हो, सासूबाईंना आहे. ह्यांनाही मागच्या वर्षी गोळी सुरू झाली."

मैत्रिणींनो, उत्तर खरं असतं, पण विचारलेलं असतं वेगळंच. डॉक्टरांना हवी असते आपल्या आईवडिलांची, भावंडांची माहिती. लग्नानंतर आडनाव बदललं, रेशनकार्डावरचं नाव हललं, तरी अंगातलं रक्त माहेरचंच राहतं.

माणसामाणसांच्या रक्तदाबात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा मानला जातो. पण म्हणून 'बीपीचं जनुक' असं एकच काही नसतं. २०१८ मध्ये प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या दहा लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा रक्तदाबाशी नातं असलेल्या जनुकीय जागांची संख्या ९०० वर गेली. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ, बहुधा एका अंकाहूनही कमी. एखाद्या बदलामुळे मूत्रपिंड मीठ जरा जास्त धरून ठेवतं, एखाद्यामुळे रक्तवाहिन्या थोड्या आवळतात. थेंबे थेंबे तळे साचे, तसंच हे. आणि हा वारसा आई व बाबा, दोघांकडूनही येतो. तेव्हा मुलाला बीपी निघालं की "हे तुझ्या माहेरचं" असं सुनेला ऐकवण्यात काही अर्थ नाही.

दुसरी चूक आपण स्वतःच करतो. "आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, मलाही होणारच," म्हणून हात टेकतो. ब्रिटनमधल्या पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांचा अभ्यासही २०१८ मध्येच प्रसिद्ध झाला. ज्यांचा आनुवंशिक धोका जास्त होता, त्यांच्यातही आहार, वजन, चालणं-फिरणं सांभाळणाऱ्यांचा वरचा रक्तदाब न सांभाळणाऱ्यांपेक्षा सरासरी चार-पाच अंकांनी कमी आढळला. म्हणजे वारसा ही सूचना आहे, शिक्षा नव्हे.

रक्त माहेरचं असलं तरी रोजचं मीठ सासरचं असतं, आणि त्याचा डबा आपल्याच हातात असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पापड, लोणचं, फरसाण, खारी, ताटात वरून घेतलेलं मीठ, सगळं त्यातच आलं!

आणि तपासणी? सासऱ्यांना आपण दर महिन्याला दवाखान्यात नेतो, पण स्वतः त्या खुर्चीवर बसत नाही. "मला काही होत नाही हो!" उच्च रक्तदाबात बहुतेकदा काहीच होत नाही, हीच तर मेख आहे. बाळंतपणात बीपी वाढलं असेल, तर पुढेही जास्त जपावं लागतं. गोळी सुरू असेल, तर बरं वाटतंय म्हणून ती मनाने बंद करू नका.

पुढच्या वेळी माहेरी गेलात की आईजवळ बसून विचारा: कुणाला कितव्या वर्षी बीपी लागलं, लकवा कुणाला झाला, हृदयविकार कुणाला? एका कागदावर लिहून घ्या. निघताना लोणच्याची बरणी जरा लहान घ्या, पण हा कागद मात्र विसरू नका.