चेहऱ्यावरची खाज, बांधावरचं गाजर गवत आणि मेडिकलमधली ट्यूब

पावसाळा सुरू झाला की जालना रोडवरच्या करमाडसारख्या गावांत बांध, पडीक रानं आणि रस्त्याच्या कडा हिरव्यागार होतात. या हिरवाईत गाजर गवतही असतं. त्याच दिवसांत काहींच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर आणि मानेवर खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठतात. ‘उष्णता झाली असेल’ म्हणत मेडिकलमधून एखादी ट्यूब आणली जाते. खरी गडबड इथूनच सुरू होते.

गवताचा आणि चेहऱ्याचा काय संबंध?

गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण 1950 च्या दशकात पुण्यात आढळलं आणि पुढे देशभर पसरलं. आयात गव्हासोबत ते आलं, असं मानलं जातं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या गवताचे बारीक कण हवेतून उघड्या त्वचेवर बसतात आणि काहींना त्याची ॲलर्जी होते. त्यामुळे गवताला हात न लावताही त्रास होऊ शकतो. वर्षानुवर्षं खुरपणी करणाऱ्यांना तर तो अचानक सुरू होतो.

पण प्रत्येक पुळी गवताचीच नसते. गजकर्ण, मुरूम, केसांचा डाय, नवी क्रीम, किडे अशी कारणंही असतात.

ट्यूबने बरं वाटतं, मग अडचण काय?

अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यातली काही नावं. खाज दोन दिवसांत थांबते, पण कारण तसंच राहतं. गजकर्ण असेल तर ते आणखी पसरतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ आणि लाल होते, पुळ्या वाढतात आणि ट्यूब बंद केली की आग होते. म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो.

2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली 14 प्रकारची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण चिठ्ठी मागणारं दुकान आणि दाखवणारं गिऱ्हाईक दोन्ही असतील, तरच नियमाला अर्थ आहे.

मग करायचं काय?

• शेतातून आल्यावर साध्या पाण्याने चेहरा धुवा, कपडे बदला.
• नवी क्रीम, साबण, डाय बंद करा. लिंबू, टूथपेस्ट लावू नका.
• त्रास कधी आणि कुठे वाढतो, ते लिहून ठेवा, फोटो काढा.
• गवत फुलण्याआधीच उपटा. हातमोजे घाला, तोंड झाका. ॲलर्जी असणाऱ्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावं.
• आधीपासून ट्यूब लावत असाल, तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आठवड्यात फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. ॲलर्जी कशाची, हे पॅच टेस्टने तपासता येतं. ओठ किंवा डोळे सुजले, ताप आला किंवा श्वास लागला, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.