मलमपट्टीचे अर्थशास्त्र

धुळ्याकडून नवापूर, बारडोली करीत येणारा रस्ता कडोदरा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. याच वाटेने खानदेशातील कितीतरी कुटुंबे सुरतेच्या परिसरात यंत्रमागांवर आणि रंगाईच्या कारखान्यांत पोट भरावयास आली. यंत्रात सापडलेले बोट, रसायनाने भाजलेला हात किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला पडलेला व्रण, यांपैकी काहीही या कामगाराचा संसार विसकटून टाकण्यास पुरेसे आहे. जखम भरेपर्यंत रोज बुडतो. पाय कापावा लागला तर तो कायमचा बुडतो.

जखम ओलसर राखल्यास लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. तरीही रोज कोरडी पट्टी खरवडून काढावयाची आणि नवी बांधावयाची, हाच प्रघात अनेक ठिकाणी चालू आहे. कोणत्या जखमेला कोणती पट्टी बांधावी, ती किती दिवस ठेवावी, पायावरचा भार कसा हलका करावा आणि डॉक्टरांना केव्हा पाचारण करावे, हे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला कळते. थोडी महाग पट्टी तीन दिवस टिकली, तर रुग्णाचे दोन हेलपाटे वाचतात. कामावर इजा होऊन घरी बसलेल्या विमाधारकाला कामगार राज्य विमा योजना वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता देते. तो आठवडाभर आधी बरा झाला, तर तेवढा भत्ता वाचतो आणि रुग्णालयाची खाटही मोकळी होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आहे. हे ध्यानी घेता ही बचत किरकोळ नव्हे.

परंतु ही बचत कोणाच्या पदरी पडते, हा खरा प्रश्न आहे. परिचारिकेने पदरमोड करून शिकावे आणि परतून त्याच पगारावर राबावे, हा न्याय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली होती. शिफारस पगारपत्रकात उतरली नाही, तर तिचे मोल कागदापुरतेच!

शिकविलेली परिचारिका मुंबईला किंवा परदेशी निघून जाते, अशी तक्रार मालकवर्ग करील. ती जाते, कारण तिच्या नव्या विद्येला येथे दाम नाही. म्हणून आमचे मत असे की, या पट्ट्यातील कारखानदार, विमा योजना आणि राज्य शासन यांनी मिळून प्रत्येक रुग्णालयातून निदान एका परिचारिकेस सवेतन शिक्षणास पाठवावे आणि परतल्यावर तिला वेगळे पद व विशेष भत्ता द्यावा. कामगाराचा पाय वाचविणाऱ्या हाताला त्या बचतीतला वाटा देणे हा उपकार नव्हे, तो साधा हिशेब आहे.