थेंबभर रक्त आणि आपली जबाबदारी

कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजारात गेलेल्या प्रत्येकाला ओलावा मोजणारे ते लहानसे यंत्र ठाऊक आहे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात आणि बारावर गेले की सरकारी खरेदीचे दार बंद. म्हणून यंत्रावर आकडा काय आला आणि त्याचा अर्थ काय, हे शेतकरी स्वतः डोळ्यांनी पाहून घेतो. रक्त तपासणाऱ्या लहान यंत्रांच्या बाबतीतही आपण तेवढेच दक्ष राहावे, असे आम्हांस वाटते.

आम्ही सिकलसेलविषयी बोलत आहोत. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दहा-वीस दिवसांतच मोडतात. मग अंगात रक्त राहत नाही, हाडांत व सांध्यांत असह्य कळा येतात. हा आजार गोंड बांधवांत आढळतो, तसा विदर्भातील इतर अनेक समाजांतही आढळतो. बाप्तिस्म्याने रक्त बदलत नाही. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

विद्राव्यतेची जुनी चाचणी स्वस्त आहे. पण माणूस रोगी आहे की नुसता वाहक, हे ती सांगत नाही. त्यासाठी रक्त मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागते आणि अहवालासाठी मजुरी बुडवून खेपा घालाव्या लागतात. आता हे काम हाताएवढ्या साधनावर होऊ लागले आहे. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील संशोधनातून निघालेले ‘गझेल’ यंत्र बोटाच्या थेंबभर रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार कागदी पट्टीवर विजेच्या प्रवाहाने वेगळे करून थोड्या मिनिटांत दाखवते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केसासारख्या बारीक नळ्यांतून पेशी सोडून त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या सुटसुटीत यंत्रांवर काम झाले आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे.

या यंत्रांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु रक्त घेणाऱ्याने पाच मिनिटे बसून निकाल समजावला नाही, तर तो कागद घरात भीतीच पेरतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो सर्वांसारखा नांगर धरतो, कापूस वेचतो, त्याला औषध लागत नाही. मात्र दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते.

आणि इथेच आपला खरा दोष आहे. सोयरीक जुळवताना मुलीचा कागद मागायचा आणि मुलाचा दाबून ठेवायचा, हा न्याय नव्हे. आजार दोन्हीकडून येतो. म्हणून विवाहाच्या तयारीतच, लग्नाची तारीख ठरण्यापूर्वी, दोघांचीही तपासणी व्हावी, निकाल त्या दोघांनी एकत्र ऐकावा आणि तो गावभर होऊ नये. पुढचा निर्णय त्यांनी धर्मगुरू व डॉक्टर यांच्या सल्ल्याने, समजून घ्यावा.

ज्या घरात रोगी मूल आहे, त्याने हे विसरू नये: भरपूर पाणी, भर उन्हातले काम नाही, लसी वेळेवर, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिले असेल तर मनाने बंद न करणे.

भल्या शोमरोनी माणसाने जखम बांधली आणि तो तेवढ्यावर निघून गेला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाची हमी दिली. रक्ताचा थेंब घेणे ही केवळ सुरुवात आहे. त्यानंतर त्या घरी कोण जाते, यावरच आपल्या धर्मग्रामाची परीक्षा आहे.