ग्रंथालयाचा तास मुलांना परत द्या



वाचन प्रेरणा दिनाची छायाचित्रे आपल्या अंकात गेले दोन-तीन दिवस येत आहेत. मैदानात रांगेने बसलेली मुले, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, मागे डॉ. कलामांच्या तसबिरीला हार. अशाच एका रांगेत माझी नववीतली मुलगीही बसली होती. किती वाचलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "नऊ-दहा पानं झाली असतील, तेवढ्यात बाईंनी पुस्तकं गोळा केली आणि कपाटाला कुलूप लावलं." पुस्तक घरी न्यायला मिळाले नाही. पुन्हा कधी मिळेल, हे तिला कोणी सांगितले नाही.

तिच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा आहे. जूनपासून त्या तासाला कधी गणिताची उजळणी होते, कधी विज्ञानाचा राहिलेला धडा पुरा केला जातो. ग्रंथालयाच्या तासाला ग्रंथालय मात्र उघडत नाही. माझ्या ओळखीतल्या इतर शाळांच्या पालकांशी बोललो, तर बहुतेकांनी हेच सांगितले. पोर्शन मागे पडला की पहिला बळी याच तासाचा जातो, कारण या तासाची परीक्षा नसते आणि त्याबद्दल तक्रार करायला कोणी पालक शाळेत येत नाही. ती तक्रार मी या पत्रातून करतो आहे.

याच सुमारास मुलांची सत्र परीक्षा झाली. मराठीच्या पेपरात निबंध होता, 'माझे आवडते पुस्तक'. माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी 'श्यामची आई'वर लिहिले. सगळ्यांचा निबंध एकाच गाइडमधून पाठ केलेला, सुरुवातीचे वाक्यसुद्धा तेच. त्यांच्यापैकी एकीनेही ते पुस्तक उघडलेले नाही. तरी या निबंधांना चांगले गुण पडतील, दरवर्षी पडतात. म्हणजे न वाचलेले पुस्तक आपले आवडते आहे असे लिहायला आपण चौदा वर्षांच्या मुलांना शिकवतो आणि त्याबद्दल गुणही देतो. हे खोटे बोलण्याचे शिक्षण आहे. त्यासाठी निवडलेले पुस्तक कोणते, तर साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले! अमळनेरला शिक्षक असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय' दैनिक लिहून काढत. मुलांनी वाचावे म्हणून एका शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी एवढे केले. आज आठवड्यातून एकदा कपाट उघडणे आपल्याला जड जाते.

मुलांना वाचायचेच नसते, त्यांच्या हातातला मोबाइल सुटत नाही, हे उत्तर मला मान्य नाही. शेजारच्या आजोबांनी माझ्या मुलीला 'बनगरवाडी' दिली, ती तिने दोन रात्रींत संपवली आणि माडगूळकरांचे आणखी काय आहे म्हणून विचारत राहिली. तिच्या धाकट्या भावाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हाती लागला, तर त्याला जेवायला तीनदा हाक मारावी लागते. पुस्तक मुलाच्या हाती पडले पाहिजे आणि त्याच्या दप्तरातून घरी आले पाहिजे, एवढीच अट आहे.

मग कपाटाला कुलूप का? एका शिक्षकांनी मला खरे कारण सांगितले. तपासणीत पुस्तक कमी भरले की ज्याच्याकडे ग्रंथालयाचा प्रभार त्याच्याकडे भरपाई मागतात. पटसंख्या हजाराच्या वर असेल तरच पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो, त्याखाली अर्धवेळ आणि लहान शाळेत तोही नाही. वर्गावरचे तास सांभाळून प्रभार घेतलेला शिक्षक पुस्तक द्यायला घाबरतो, यात त्याचा दोष नाही. दोष त्या नियमाचा आहे. हरवलेले पुस्तक हे वाचनाचा खर्च म्हणून धरा आणि दरवर्षी काही पुस्तके बिनचौकशी निर्लेखित करू द्या. सरकारी शाळांना समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यातून घेतलेली पुस्तके जुनी होऊन फाटली, तर तो पैसा कारणी लागला असे मी म्हणेन. कोरी राहिली तर तो वाया गेला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके हवीत, असे स्पष्ट लिहिले आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीतल्या मुलाने काय वाचायचे? फक्त गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच?

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याच जिल्ह्यात भिलार हे पुस्तकांचे गाव आहे. ४ मे २०१७ पासून तिथल्या घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत, कोणीही जाऊन बसावे आणि वाचावे. गेल्या वर्षी मुलीच्या शाळेची सहल पाचगणीहून महाबळेश्वरला गेली, पण भिलारला वळली नाही. पॉइंट पाहून झाले, घोड्यावर बसून झाले. तासभर त्या गावात काढला असता, तर काय बिघडले असते? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण सप्ताह साजरे करतो, आणि वाचणाऱ्या मुलांना पुस्तकांच्या गावाच्या इतके जवळ नेऊन तसेच परत आणतो.

शिक्षणाधिकाऱ्यांना माझे सांगणे आहे की, पुढच्या वर्षी शाळांकडून वाचन प्रेरणा दिनाचे फोटो मागवू नका. ग्रंथालयाचे देवघेव रजिस्टर मागवा. जूनपासून किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, ते त्यात दिसेल. ज्या शाळेचे रजिस्टर कोरे, तिच्या मुख्याध्यापकांना त्याचे कारण लेखी विचारा. आणि पालकांनो, दिवाळीनंतर शाळा उघडली की वर्गशिक्षकांना एवढेच विचारा, ग्रंथालयाचा तास कोणत्या वारी आहे आणि या आठवड्यात तो झाला का?

– एक पालक, सातारा