अटॅक येऊन गेल्यानंतरचं दुखणं

गेल्या वर्षी बाबांना अटॅक आला. अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, पाचव्या दिवशी घरी. सगळं कसं सुरळीत! चौथ्या आठवड्यात एका रात्री मात्र ते उठून बसले, उशी पोटाशी धरून पुढे वाकले आणि म्हणाले, "आडवं झालं की छातीत टोचतंय रे. श्वास घेतला की जास्तच." अंगात तापही होता. आईचं निदान गॅस, माझं निदान स्टेंट बंद. शेजारच्या काकांनी तत्परतेने आयबुप्रोफेनची स्ट्रिप आणून दिली.

मी आणि आई, दोघंही चुकलो होतो. हॉस्पिटलात ईसीजी, रक्त, इको सगळं झालं. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज, आत थोडं पाणी. नाव ड्रेसलर सिंड्रोम. ब्रुकलिनमधल्या विल्यम ड्रेसलर या डॉक्टरांनी १९५६ साली याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

प्रकार असा की अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा तुकडा मरतो, एरवी पेशींच्या आत बंद असलेली प्रथिनं बाहेर पडतात आणि आपलीच प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून तुटून पडते. म्हणजे अँटीव्हायरसनेच विंडोजची सिस्टीम फाइल क्वारंटाइन करावी तसं. तयारीला वेळ लागतो, म्हणून दुखणं काही आठवड्यांनी उगवतं. हल्ली बंद रक्तवाहिनी लवकर उघडतात, स्नायू कमी मरतो, त्यामुळे हे फार क्वचित दिसतं.

आणि माझं भांडण नेमकं इथे आहे. डिस्चार्ज कार्डावर तेल किती, मीठ किती, जिने किती यावर अर्धं पान होतं. याबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "इतक्या दुर्मिळ गोष्टी सांगून पेशंटला कशाला घाबरवायचं?" अहो, घाबरलो तर आम्ही होतोच! फक्त माहितीशिवाय घाबरलो. रात्री दोन वाजता गॅस की स्टेंट यावर आमची चक्क मीटिंग चालली होती.

माहिती असती तर घरीच निदान केलं असतं, असं मला म्हणायचं नाही. ते घरी होतच नाही. दुसरा अटॅकही असू शकतो, आणि आवरणात पाणी फार साठलं तर हृदय दाबलं जातं. हवं होतं ते एवढंच: 'पुढच्या काही आठवड्यांत ताप येऊन छातीत दुखलं तर लगेच या. मनाने पेनकिलर घेऊ नका.' दोन ओळी. अटॅकनंतर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्या असतात, हेसुद्धा आम्हाला त्या रात्रीच कळलं.

असो. बाबांना मोठ्या डोसमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि कोल्चिसिन दिलं. हे दुसरं म्हणजे गाउटवरचं जुनं औषध. चार दिवसांत ते आडवे झोपायला लागले. त्या दोन ओळी मी आता त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवल्यात. खाली आईने स्वतःच्या अक्षरात भर घातलीय: 'शेजारच्यांच्या गोळ्या नकोत.'