शेवटच्या जुलाबानंतरचे 48 तास

सकाळी साडेआठला पाळणाघराच्या दारात आई चप्पलही न काढता सांगते, ‘मावशी, रात्री एकदा उलटी झालीय. दात येताहेत ना, त्याचंच असेल.’ पिशवी सोपवून ती लोकल गाठायला धावते. दुपारपर्यंत त्या बाळाने चघळलेला ठोकळा सतरंजीवरच्या आणखी चार मुलांच्या तोंडात गेलेला असतो, आणि त्याचा डायपर बदलणाऱ्या मावशीनेच सगळ्यांना वरणभात भरवलेला असतो.

दात येण्याने उलट्या-जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि त्यातून जंतू पोटात जातात, एवढेच. जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसची लस 2016 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. ती प्रत्येक बाळाला मिळायलाच हवी. पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तिचा उपयोग नाही. त्याचे मोजके कणही आजारी पाडायला पुरतात, आणि करोनापासून दारात ठेवलेली सॅनिटायझरची बाटली त्याच्यापुढे फारशी चालत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. मूल हसू-खेळू लागले तरी त्याच्या शीतून विषाणू काही दिवस पडतच राहतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून 48 तास मुलाला घरी ठेवायला सांगतात. आपल्याकडच्या प्रत्येक पाळणाघराने हा नियम दारावर लावावा आणि प्रवेश देतानाच पालकांची त्यावर सही घ्यावी.

त्या आईला मात्र आम्ही दोष देणार नाही. मुलाला जुलाब होताहेत म्हणून रजा हवी, हे साहेबांना सांगायचीही तिला चोरी. बापाला तर कोणी विचारतच नाही. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पण मूल आजारी असताना त्याला तिथे पाठवावे लागू नये, याची सोय कोणी केली? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण ती एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी मिळत नाही. दोन दिवसांच्या जुलाबांना तिच्यात जागाच नाही. खासगी नोकरीत बहुतेक ठिकाणी तेवढीही रजा नाही.

मुलाच्या आजारासाठी दोन दिवसांची भरपगारी रजा, आईला आणि बापालाही, डॉक्टरच्या दाखल्याविना मिळाली पाहिजे. राज्य सरकारने ती आधी स्वतःच्या कार्यालयांत लागू करावी.