आराखड्याचा झाडा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 107 अन्वये विद्यापीठाने दर 5 वर्षांचा बृहत आराखडा सिद्ध करावा, महाविद्यालयांची स्थळे प्रदेशाच्या गरजेनुरूप ठरवावी आणि आराखड्याशी विसंगत अर्जाचा विचारही करू नये, असा दंडक आहे. आणि ज्याच्या अधिकारक्षेत्रात भाईंदर मोडते, त्या मुंबई विद्यापीठासही तो लागू आहे.

परंतु भाईंदरजवळच्या उत्तन, राई, मुर्धे येथील कोळी-आगऱ्यांची मुले बसमधून भाईंदर पश्चिमेस उतरून, हव्या त्या विषयासाठी चर्चगेटकडे जाणाऱ्या भरगच्च लोकलच्या दारात लोंबकळतात, तेव्हा त्या आराखड्याने त्यांचे काय भले केले, हे विचारणार कोण? सरकारी तिजोरीतून वेतन अनुदान घेणाऱ्या महाविद्यालयाच्या पावत्या लेखापरीक्षक जुळवून पाहतो, उपयोगिता प्रमाणपत्राची नस्तीही होते (दफ्तरास एवढ्याने समाधान वाटते!), तथापि, आराखड्यात आखलेल्या महाविद्यालयांच्या स्थळबिंदूंपैकी किती कागदावरच राहिले, याचा जाब तितक्या कसोशीने घेतला जात नाही. नवा आराखडा मंजूर करण्यापूर्वी मागील आराखड्याचा बिंदूवार झाडा, कारणांसह आणि मराठीत, मीरा-भाईंदरच्या नागरिकांपुढे ठेवण्याची सक्ती शासनाने करावी.